मार्चमध्ये जीएमला शिव्या घालण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी एनएफएल चाहत्यांना खुले पत्र

न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आणि शिकागोपासून डॅलसपर्यंत रविवार एनएफएलसाठी (अमेरिकन फुटबॉलच्या लीगसाठी) टीव्हीसमोर काढणाऱ्या समस्त मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी मार्चचा दुसरा आठवडा जवळ आला की आपल्या ग्रुप्सवर दोन वाक्यं हमखास फिरतात. पहिलं, "आपल्याकडे पैसेच नाहीत, घेणार कुणाला?" आणि त्याच्या नाकावर टिच्चून दुसरं, "कॅप-बिप सगळं थोतांड आहे, सेंट्सकडे बघा." कॅप म्हणजे एका टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च मोजावा याची लीगने घातलेली मर्यादा, आणि सेंट्स म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टीम. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष एकाच आकड्यावर भांडत असतात. ओव्हर द कॅप किंवा स्पोट्रॅक या वेबसाइटवर टीमच्या नावापुढे दिसणारी 'कॅप स्पेस', म्हणजे मर्यादेखाली उरलेली जागा. आमचं म्हणणं एवढंच, की त्या आकड्यावरून टीमची ऐपत कळत नाही. खेळाडूच्या हातात रोख किती आणि कधी पडते, गॅरंटी कोणत्या तारखेला पक्की होते आणि खेळाडू गेल्यावर मागे किती बोजा उरतो, हे पाहिलं तरच ती कळते. जीएमला (टीमचे करार ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरला) शिव्या जरूर घाला, पण हिशेब बघून घाला.

घोटाळ्याचं मूळ आपल्या डोक्यात बसलेल्या आयपीएलच्या लिलावात आहे. तिथे हिशेब सरळ असतो. २०२५च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती. लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी लावले, तेवढे पर्समधून गेले, विषय संपला. ती एका हंगामाची किंमत असते आणि त्याच हंगामात पूर्ण मोजली जाते. एनएफएलमध्ये खेळाडूला दिलेला पैसा आणि त्याच्या नावावर मोजलेला पैसा हे दोन वेगळे आकडे असतात, आणि त्यांची वर्षंही वेगळी असू शकतात. सगळी कारागिरी या फटीत चालते.

नियम थोडक्यात. कॅप १९९४मध्ये आला तेव्हा ३४.६ मिलियन डॉलरचा होता, २०२५मध्ये तो २७९.२ मिलियन झाला. लीगच्या उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असा करार आहे. कॅपचा आकडा त्यातून निघतो. बेसबॉलसारखा दंड भरून मर्यादा ओलांडायची सोय इथे नाही. मार्चमध्ये नवं लीग वर्ष सुरू होतं, त्या दिवशी ईस्टर्न टाइमनुसार दुपारी चार वाजता प्रत्येक टीम मर्यादेच्या आत असावीच लागते. वापरली न गेलेली जागा पुढच्या वर्षात नेता येते, त्यामुळे प्रत्येक टीमची खरी मर्यादा थोडी वेगळी असते. कागदाबाहेर पैसे ठरवले तर खैर नाही. डेन्व्हरने १९९६ ते १९९८ या काळात काही रकमा पुढे ढकलून दिल्या होत्या. त्यापायी पुढे लाखो डॉलरचे दंड भरावे लागले आणि ड्राफ्टमधल्या (दर वर्षी नव्या खेळाडूंची फेरीनिहाय निवड होते, त्यातल्या) तिसऱ्या फेरीच्या निवडीही गेल्या.

आता एक करार उघडून बघू. खेळाडू काल्पनिक आहे, पण गणित रोजचं.

चार वर्षं, ८० मिलियन. त्यातला साइनिंग बोनस ३२ मिलियन, तो सही केली की मिळतो. मूळ पगार पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी १६ आणि चौथ्या वर्षी १८ मिलियन. साइनिंग बोनस कॅपमध्ये करारातल्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षं. इथे दर वर्षी ८ मिलियन. म्हणजे कॅपवरचा आकडा १०, २०, २४ आणि २६. पहिल्या वर्षी खेळाडूने ३४ मिलियन घरी नेले, कॅपला मात्र दहाच दिसले. "एवढा मोठा खेळाडू एवढ्या स्वस्तात कसा बसवला?" असं पहिल्या वर्षी ज्यांना वाटतं, त्यांना उत्तर तिसऱ्या वर्षी मिळतं.

दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये टीमला जागा हवी आहे. मग रीस्ट्रक्चर. खेळाडूच्या अनुभवानुसार ठरलेला किमान पगार तेवढा शिल्लक ठेवायचा (सात किंवा अधिक वर्षं खेळलेल्याला २०२५मध्ये तो १.२५५ मिलियन होता, आपण १.२ धरू) आणि बाकीचा पगार साइनिंग बोनसमध्ये बदलायचा. १२ मधले १०.८ मिलियन बोनस झाले. उरलेल्या तीन वर्षांवर वाटले तर दर वर्षी ३.६, आणि या वर्षीचा आकडा २० वरून १२.८ वर येतो. एवढ्यानं भागत नसेल तर कराराच्या शेवटी दोन 'व्हॉइड इयर्स' जोडायची, म्हणजे ज्यांत खेळाडू खेळणारच नाही अशी कागदावरची वर्षं. आता १०.८ पाच भागांत, दर वर्षी २.१६. यंदाचा आकडा ११.३६, वाचले ८.६४ मिलियन.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे फार भाबडेपणाने पसरतो. "अमुक खेळाडूने टीमसाठी पगार कमी केला!" नाही हो. त्याला त्या वर्षी १२ मिलियनच मिळाले, उलट बरेचसे आधी मिळाले. बहुतेक मोठ्या करारांत असा बदल करायचा हक्क टीमने आधीच लिहून घेतलेला असतो, खेळाडूला विचारावंही लागत नाही. पगार खरोखर कमी करणं वेगळं, आणि ते बातमीत वेगळं लिहिलेलं असतं.

मग पैसे गेले कुठे? कुठेच नाही. तिसऱ्या वर्षाचा आकडा २४ वरून २६.१६ झाला, चौथ्याचा २६ वरून २८.१६, आणि चार वर्षं संपून करार व्हॉइड झाला की दोन रिकाम्या वर्षांचे ४.३२ मिलियन एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येतात, तेही खेळाडू दुसऱ्याच टीमच्या जर्सीत असताना. १०, ११.३६, २६.१६, २८.१६ आणि ४.३२ यांची बेरीज करून बघा, बरोबर ८० येते. दिलेला प्रत्येक डॉलर कधी ना कधी कॅपवर मोजला जातोच. कॅपला थोतांड म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः करावी. जाता जाता, करार व्हॉइड व्हायच्या तारखेआधी त्याच खेळाडूशी नवा करार झाला तर उरलेली रक्कम पूर्वीसारखीच वर्षावर्षाने मोजली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही करार घाईघाईने होताना दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

खरा फटका बसतो तो काढून टाकताना. समजा आपला हा गडी तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये नकोसा झाला, आणि त्या वर्षाच्या पगाराला गॅरंटी नाही. मूळ बोनसचे ८ आणि ८, शिवाय रीस्ट्रक्चरचे २.१६ गुणिले ४, असे एकूण २४.६४ मिलियन एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. ठेवला असता तर २६.१६ मोजले गेले असते. म्हणजे काढून वाचले किती, तर १.५२ मिलियन. आदल्या वर्षी रीस्ट्रक्चर केलं नसतं तर डेड मनी १६ असता आणि ८ मिलियन मोकळे झाले असते. "त्या म्हाताऱ्याला काढत का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या मार्चमध्ये सापडतं.

यावर उतारा म्हणून १ जूनचा नियम आहे. १ जूननंतर काढलेल्या खेळाडूचा फक्त चालू वर्षाचा वाटा आत्ता मोजतात, बाकीचा पुढच्या वर्षी. दोन खेळाडूंना मार्चमध्येच 'जूननंतर काढला' असा शिक्का मारून सोडता येतं. आपल्या उदाहरणात यंदा १०.१६ आणि पुढच्या वर्षी १४.४८. म्हणजे यंदा पूर्ण १६ मिलियन पगार वाचला. ऐकायला झकास. पण शिक्का मारलेल्या खेळाडूचा संपूर्ण आकडा २ जूनपर्यंत कॅपवर तसाच बसून राहतो, त्यामुळे मार्चमधल्या बाजारात हे १६ मिलियन वापरता येत नाहीत. ते कामी येतात ड्राफ्टमधल्या मुलांच्या करारांना आणि हंगामातल्या दुखापतींना. दर वर्षी कुणीतरी हे १६ मिलियन मार्चच्या खरेदीत धरतो आणि मग टीम गप्प का म्हणून चिडतो.

ट्रेडलाही हेच लागू. खेळाडूबरोबर पुढचा पगार नव्या टीमकडे जातो, आधी दिलेल्या बोनसचा उरलेला हिशेब जुन्या टीमच्या गळ्यात राहतो. डीबो सॅम्युएल २०२५मध्ये पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात वॉशिंग्टनला गेला, तेव्हा त्याच्या जुन्या टीमच्या, सॅन फ्रान्सिस्को नायनर्सच्या कॅपवर ३१ मिलियनच्या आसपास डेड मनी पडला. बे एरियातल्या मंडळींना "फुकटात दिला" असं वाटलं. फुकटात नव्हे, वर पैसे मोजून दिला. तरीही दिला, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा), ब्रॉक पर्डीचा करार समोर दिसत होता. २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू म्हणून आलेला पर्डी वर्षाला एक मिलियनच्या आसपास पडत होता. त्या स्वस्त क्वार्टरबॅकच्या जिवावर बाकीची महाग टीम उभी होती. मे २०२५मध्ये त्याचा पाच वर्षांचा २६५ मिलियनचा करार झाला आणि ती चैन संपली. २०२५च्या वसंतात एवढे ओळखीचे चेहरे का गेले, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता त्या कॅप स्पेसच्या आकड्याकडे. मार्च ते ऑगस्ट या काळात टीमकडे नव्वदपर्यंत खेळाडू असतात, पण पूर्ण मोजले जातात ते सर्वांत महागडे ५१. बाकीच्यांचा फक्त बोनसचा वाटा. त्यामुळे नवा खेळाडू आला की तो यादीतल्या ५१व्याला खाली ढकलतो. ३ मिलियनचा खेळाडू घेतला आणि ५१वा १.०३ मिलियनचा असेल, तर खरी जागा गेली १.९७. उलट बाजूने, ज्या टीमकडे चाळीसच खेळाडू करारात आहेत आणि ५० मिलियन मोकळे दिसतात, तिला अजून अर्धा संघ उभा करायचा आहे. साठ खेळाडू करारात असलेली आणि ३० मिलियन शिल्लक असलेली टीम कदाचित तिच्यापेक्षा सुखी असते.

सप्टेंबरमध्ये ही सूट संपते. मग ५२वा, ५३वा, सराव संघातले सोळा, जखमींच्या यादीतले, सगळे मोजले जातात. सराव संघातल्या नवख्याला २०२५मध्ये आठवड्याला १३,००० डॉलर होते. अठरा आठवडे आणि सोळा जण धरले तर ३.७ मिलियनच्या वर जातं. शेवटचे दोन खेळाडू किमान पगाराचे, ८,४०,००० प्रत्येकी, म्हणजे आणखी १.७. वर दुखापती आहेतच, कारण जखमी खेळाडूचा पगार चालू राहतो आणि बदली खेळाडूचाही सुरू होतो. शहाणा जीएम जुलैत आठ-दहा मिलियन हातचे राखतो. त्याला "पैसे असून खर्च करत नाही" म्हणू नका. नोव्हेंबरमध्ये टॅकलच्या जागेवरचा तिसरा खेळाडू जखमी झाला की तेच पैसे लागतात. चार हंगाम पूर्ण केलेला अनुभवी खेळाडू पहिल्या सामन्याला संघात असेल तर त्याचा हंगामाचा पगार जवळजवळ पक्का होतो. म्हणून काही ओळखीची नावं पहिल्या आठवड्यानंतरच करारबद्ध होतात, हेही लक्षात असू द्या.

उधारी वाईट असते का? नेहमीच नाही, आणि याच मुद्द्यावर आम्ही "पैसे नाहीत"वाल्यांशीही भांडतो. २६ मिलियनचा तोच आकडा २०२१च्या १८२.५ मिलियनच्या कॅपमध्ये १४.२ टक्के होता, २०२५च्या कॅपमध्ये ९.३ टक्के. कॅप वाढत असेल तर आजचा खर्च उद्यावर टाकणं फायद्याचं ठरतं. फिलाडेल्फियाचा जीएम हाउई रोझमन हेच शिस्तीत करतो. जेलन हर्ट्सचा २०२३मधला करार पाच वर्षांचा, २५५ मिलियनचा. पहिल्या वर्षी कॅपवर दिसले सहा मिलियनच्या थोडे वर. त्यात ऑप्शन बोनसची रचना आहे. सगळा बोनस सही करताना न देता दर वर्षी एक हिस्सा उचलायचा आणि तो त्या वर्षापासून पुढे पाच वर्षांवर पसरायचा. पण ही उधारी चोवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकवर काढलेली होती, जो पुढची बरीच वर्षं खेळणार हे गृहीत धरणं वेडेपणाचं नव्हतं. अटलांटा फाल्कन्सने क्वार्टरबॅक मॅट रायनचा करार २०२१मध्ये पुन्हा ताणला तेव्हा तो पस्तिशी ओलांडून पुढे गेला होता. पुढच्याच मार्चमध्ये तो कोल्ट्सला गेला आणि फाल्कन्सकडे ४०.५ मिलियनचा डेड मनी उरला. युक्ती दोघांची जवळपास सारखीच. फरक वयाचा. रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) बाबतीत तर ही रेषा आणखी अलीकडे, सव्वीस-सत्ताविशीतच ओढावी.

आणि कॅप वाढतोच असंही नाही. २०२०चा १९८.२ मिलियनचा कॅप कोविडमुळे २०२१मध्ये १८२.५ वर आला. ज्यांनी पुढच्या वाढीवर आधीच पैसे उचलले होते त्यांची तारांबळ उडाली. सेंट्स तेव्हा मर्यादेच्या शंभरेक मिलियन वर होते. ते त्यातून निघाले, हे खरं. कसे निघाले ते मात्र "सेंट्सकडे बघा" म्हणणारे सांगत नाहीत. दिसेल तो करार पुढे ढकलून, आणि ज्यांचे करार ढकलता येत नव्हते असे चांगले खेळाडू सोडून. नंतर वर्षानुवर्षं दर मार्चला त्यांना आधी खड्डा बुजवावा लागला. कायद्यात बसतं, पण त्यात संघ म्हातारा होत जातो, कारण ज्याच्या नावावर उधारी जास्त त्यालाच काढणं सर्वांत महाग.

डेन्व्हरचं उदाहरण आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं. क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा २०२४चा ३९ मिलियनचा पगार पक्का झालेला होता. शिवाय त्या वर्षी लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, १७ मार्चला, तो संघात असता तर २०२५चे ३७ मिलियनही पक्के झाले असते. म्हणून त्याला त्याआधी सोडला. डेड मनी एकूण ८५ मिलियन, तोवरचा विक्रम. जूनचा शिक्का मारल्यामुळे २०२४मध्ये ५३ आणि २०२५मध्ये ३२. करारात ऑफसेटची अट होती, म्हणजे नवी टीम जे देईल तेवढं डेन्व्हरचं देणं कमी. पिट्सबर्गने अर्थातच त्याला किमान पगारावर, १.२१ मिलियनवर घेतलं आणि उरलेले सुमारे ३७.८ मिलियन डेन्व्हरने भरले. सगळ्यांनी डेन्व्हरचं श्राद्ध घातलं होतं. प्रत्यक्षात त्याच हंगामात दहा विजय मिळवून ते प्लेऑफला गेले, कारण क्वार्टरबॅक होता नुकताच ड्राफ्टमधून आलेला बो निक्स, चार वर्षांचे मिळून साडेअठरा मिलियनच्या आसपास. ८५ मिलियनची चूक पचते, पण त्या जागेवर स्वस्त माणूस मिळाला तर. नुसतं धाडस कामाचं नाही.

तेव्हा ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना आमची एक साधी मागणी आहे. "पाच वर्षं, १५० मिलियन!" अशी बातमी टाकताना सोबत तीन गोष्टी टाका. सही करताना पूर्ण गॅरंटी किती, नुसती दुखापतीपुरती गॅरंटी सोडून. पहिल्या दोन वर्षांत रोख किती. आणि पुढची गॅरंटी कोणत्या तारखेला लागते. एजंटकडून पत्रकारांकडे जाणारा पहिला आकडा फुगलेला असतो. शेवटच्या वर्षी ४५ मिलियनचा पगार लिहून सरासरी वाढवलेली असते, आणि तो पगार कुणालाच कधी मिळणार नसतो. खरा करार बहुधा दोन किंवा तीन वर्षांचा असतो. इन्सेंटिव्ह (कामगिरीवर मिळणारे जादा पैसे) असतील तर मागच्या वर्षीची कामगिरी बघा. गेल्या वर्षी ९०० यार्ड केलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) हजार यार्डांवर बोनस लावला असेल तर तो यंदा कॅपमध्ये धरत नाहीत, मिळवला तर पुढच्या वर्षी मोजतात. ८५० वर लावला असेल तर पहिल्या दिवसापासून धरतात. फ्रँचायझी टॅगचा (करार संपत आलेल्या खेळाडूला एका वर्षाच्या ठरावीक पगारावर रोखण्याच्या टीमच्या हक्काचा) मात्र पूर्ण आकडा टॅग लावल्या क्षणी कॅपवर बसतो, खेळाडूने सही केलेली असो वा नसो. टॅग लावलेल्या टीमकडून मार्चच्या पहिल्या दिवशी मोठ्या खरेदीची अपेक्षा त्या हिशेबानेच ठेवावी.

येत्या मार्चमध्ये तुमच्या टीमने तिशीतल्या एखाद्याचा करार ताणून व्हॉइड इयर्स जोडली, तर ओरडायची वेळ तीच. दोन वर्षांनी तो जाईल तेव्हा फक्त आकडा छापून येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
करारांचे कागद चाळणारे काही मराठी चाहते